ओव्यांचे पान बंद करायचे का? वेबसाइटचे आकडे वाचताना



कार्यकारिणीच्या गेल्या बैठकीत एक सूचना आली असून ती पुढच्या सर्वसाधारण सभेत मताला येणार आहे. आपल्या वेबसाइटवरचे 'जात्यावरच्या ओव्या' हे पान बंद करावे, अशी ती सूचना आहे. जांबोटी, कणकुंबी, पारवाड या भागातल्या आज्यांकडून आपल्या मुलांनी सुट्टीत मोबाईलवर उतरवून घेतलेल्या ओव्या आणि फुगडीची गाणी त्या पानावर आहेत. आवाजाच्या फाइली मोठ्या असतात. त्यांना सर्व्हरवर जागा लागते आणि त्या जागेचे पैसे दरवर्षी भरावे लागतात. आकडे पाहिले तर त्या पानावर फारसे कुणी येत नाही. स्नेहमेळाव्याच्या फोटोंवर मात्र गर्दी असते. जे कुणी बघत नाही त्यावर खर्च कशाला, असा साधा हिशोब या सूचनेमागे आहे. सूचना मांडणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे. मंडळाचा पैसा हा सभासदांचा पैसा आहे.

वेबसाइटचे काम माझ्याकडे असल्यामुळे बैठकीत आकडे मीच दिले होते. घरी आल्यावर लक्षात आले की आकडे तर दिले, पण ते तयार कसे होतात हे सांगितलेच नाही. वजनकाटा कसा आहे हे न पाहता आपण वजनावर भांडत होतो. मत देण्याआधी प्रत्येक घरात हे समजावे म्हणून हा लेख लिहीत आहे. यात तांत्रिक असे थोडेच आहे आणि तेही साध्या भाषेत सांगण्याचा प्रयत्न केला आहे.

मोजणी होते कशी?

जुन्या वेबसाइटवर तळाशी एक छोटा आकडा फिरत असे: 'आपण अमुकवे पाहुणे आहात.' तो काउंटर फक्त पान किती वेळा उघडले एवढेच मोजायचा. एकाच माणसाने पान दहा वेळा उघडले तरी दहा 'पाहुणे' व्हायचे. त्याच काळात 'हिट्स' हा शब्दही फार चालायचा. हिट म्हणजे सर्व्हरकडे गेलेली एक मागणी. पानावर वीस फोटो असले तर एकदा पान उघडले की एकवीस हिट्स! त्यामुळे 'आमच्या साइटला लाखभर हिट्स' या बोलण्याला फारसा अर्थ नसे.

मोजणीच्या मुख्य पद्धती दोन. पहिली म्हणजे सर्व्हरची नोंदवही. ज्या संगणकावर आपली साइट ठेवलेली असते तो प्रत्येक मागणीची एक ओळ लिहून ठेवतो: किती वाजता, कुठले पान, कुठल्या प्रकारच्या फोनवरून. दुसरी म्हणजे पानातच लपवलेला छोटा प्रोग्राम. पान उघडले की तो वाचकाच्या फोनवर चालतो आणि 'इथे एक जण आला' असा निरोप मोजणाऱ्या कंपनीला पाठवतो. आज बहुतेक साइट या दुसऱ्या पद्धतीने मोजतात, आपली साइटही त्यातलीच.

यातले सर्वांत माहितीचे साधन म्हणजे गूगल ॲनालिटिक्स. अमेरिकेतल्या सॅन डिएगो शहरात अर्चिन नावाची एक कंपनी वेबसाइटच्या मोजणीचे सॉफ्टवेअर करत असे. २००५ मध्ये गूगलने ती विकत घेतली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गूगल ॲनालिटिक्स सर्वांना फुकट दिले. मागणी इतकी आली की नवी नावनोंदणी काही काळ थांबवावी लागली. तोपर्यंत असली साधने मोठ्या कंपन्यांनाच परवडत असत. त्यानंतर आपल्यासारख्या मंडळांच्या हातीही ती आली.

जुने आकडे कुठे गेले?

बैठकीत एका काकांनी रास्त प्रश्न विचारला होता: पाच वर्षांपूर्वी ओव्यांचे पान किती जण बघत होते? त्याचे उत्तर मला देता आले नाही. त्याचे कारण असे.

गूगलने ऑक्टोबर २०२० मध्ये 'गूगल ॲनालिटिक्स ४' ही नवी पद्धत आणली. १ जुलै २०२३ पासून जुन्या पद्धतीने नवी मोजणी होणे थांबले, आणि १ जुलै २०२४ पासून जुने आकडे बघायची सोयही बंद झाली. ज्यांनी त्याआधी आपले आकडे उतरवून घेतले त्यांच्याकडे ते राहिले, बाकीच्यांचे गेले. आपण उतरवून घेतले नाहीत. सूचना आधीच मिळालेली असताना 'करू, करू' म्हणता राहून गेले. ही चूक माझी.

जुने आकडे असते तरी नव्यांशी थेट तुलना करता आली नसती, हेही सांगितले पाहिजे. जुनी पद्धत 'भेट' धरून मोजायची, नवी 'घटना' धरून मोजते. पान उघडणे ही घटना, खाली सरकवत जाणे ही घटना, फाइल उतरवून घेणे हीसुद्धा घटना. एकाने पायलीने मोजलेले भात आणि दुसऱ्याने किलोने मोजलेले भात यांचे आकडे शेजारी ठेवून 'पीक घटले' म्हणता येत नाही.

काटा कुणाकडे झुकतो?

आता मुख्य मुद्दा. हा काटा सगळ्यांना सारखा तोलत नाही. गावाकडचा वाचक त्यावर हलका भरतो आणि दूरचा वाचक बऱ्याचदा जड भरतो. कसे ते एकेक करून पाहू.

रेंज. कणकुंबी-जांबोटीच्या रानात पावसाळ्यात नेटवर्कचे काय होते ते आपल्याला माहीत आहे. पान अर्धेमुर्धे उघडते, मजकूर दिसतो, पण मोजणारा छोटा प्रोग्राम उतरायच्या आत रेंज जाते. वाचकाने वाचलेले असते, निरोप मात्र गेलेला नसतो, त्यामुळे तो वाचक मोजलाच जात नाही.

एक फोन, सारे घर. पुण्यात चार माणसांच्या घरात चार फोन आणि एक लॅपटॉप असतो. गावी नातवाच्या फोनवर आजी, मावशी, शेजारच्या काकी अशा पाच जणी ओव्या ऐकत बसतात. काट्याला एकच फोन दिसतो, म्हणून 'वाचक: एक'. याउलट पुण्यातल्या एकाच दादाने सकाळी फोनवर आणि दुपारी ऑफिसच्या संगणकावर पान पाहिले तर 'वाचक: दोन'.

आयफोन. वाचक नवा की जुना हे ओळखण्यासाठी त्याच्या फोनमध्ये 'कुकी' नावाची एक चिठ्ठी ठेवली जाते. ॲपलच्या सफारी ब्राउझरने २०१९ पासून अशा चिठ्ठ्यांचे आयुष्य सात दिवसांवर आणले. हे लोकांच्या खासगीपणासाठी केले आणि ते चांगलेच आहे. पण त्याचा परिणाम असा, की परदेशातला किंवा मुंबईतला आयफोनवाला सभासद दर दहा दिवसांनी एकदा आला तर तो दर वेळी 'नवा वाचक' म्हणून मोजला जाऊ शकतो. वर्षाच्या आकड्यात एकाच माणसाचे अनेक वाचक होतात.

व्हॉट्सॲप. आपली साइट गावापर्यंत पोहोचते ती व्हॉट्सॲपवरून. तिथून कुणी लिंक दाबून आले तर 'कुठून आला' हे बहुतेक वेळा काट्याला कळत नाही आणि तो वाचक 'थेट आलेला' या रकान्यात पडतो. मोठी गोष्ट म्हणजे ओवीची फाइल एकदा कुणी उतरवून घेतली आणि ग्रुपवर टाकली, की पुढे ती पन्नास घरांत वाजली तरी आपल्या साइटवर एकही नोंद होत नाही.

ठिकाण. 'जांबोटीहून कुणीच येत नाही' असे बैठकीत म्हटले गेले, तेही माझ्याच तक्त्यावरून. वाचक कुठल्या गावचा हे काटा इंटरनेटच्या पत्त्यावरून अदमासाने ठरवतो. मोबाईल कंपन्या हे पत्ते मोठ्या शहरांतल्या केंद्रांतून वाटतात. त्यामुळे जांबोटीच्या स्टँडवर उभा असलेला वाचक बेंगळुरूचा दिसू शकतो. तक्त्यात बेंगळुरू वर दिसले म्हणून आपले वाचक तिकडे आहेत असे नाही. गावाच्या नावापर्यंतची माहिती या तक्त्यातून काढूच नये.

आवाज. ओव्यांच्या पानाच्या दृष्टीने हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. नव्या पद्धतीत वाचकाने पानावर किती वेळ घालवला हे मोजताना पान स्क्रीनवर समोर असेल तेवढाच वेळ धरला जातो. ओवी चालू करून फोन बाजूला ठेवला, स्क्रीन बंद झाली, आवाज चालू राहिला, तर तो वेळ धरला जात नाही. आणि ओवी हातातले काम करता करताच ऐकली जाते! शिवाय यूट्यूबवरचा व्हिडिओ आपल्या पानात बसवला असेल तर तो किती पाहिला हे साधन आपणहून नोंदवते. साध्या आवाजाच्या फाइलीचे 'चालू' बटण दाबले याची नोंद मात्र मुद्दाम सोय केल्याशिवाय होत नाही. आपण ती सोय केलेली नव्हती. म्हणजे त्या पानावर लोक ज्यासाठी येतात, तेच आपण मोजत नव्हतो.

न्यायाने हेही सांगतो की दुसऱ्या बाजूलाही थोडी गळती आहे. जाहिराती रोखणारे प्रोग्राम बऱ्याचदा ही मोजणीही रोखतात आणि ते वापरणारे बहुधा शहरातले, संगणकात काम करणारे तरुण असतात. त्यांचीही मोजणी चुकते. पण सगळे धरूनही ओव्यांच्या पानाची आणि फोटोंच्या पानाची तुलना सरळ नाही. समजा, ओव्यांच्या पानाला महिन्यात ४० भेटी आणि फोटोंच्या पानाला ९०० भेटी दिसल्या, तर ४० या आकड्यामागे किती कान आहेत हे तक्ता सांगत नाही. कदाचित ४० असतील, कदाचित २०० असतील. कमीसुद्धा असतील. ते आपल्याला शोधावे लागेल.

उपयोगी पडतील अशा नव्या सोयी

नव्या पद्धतीला नावे ठेवून भागणार नाही. तिच्यात आपल्या कामाच्या काही गोष्टी आहेत.

पहिली म्हणजे 'गुंतलेली भेट'. वाचक दहा सेकंदांहून जास्त थांबला, किंवा त्याने दोन पाने पाहिली, किंवा आपण महत्त्वाची ठरवलेली एखादी गोष्ट केली, तरच ती भेट गुंतलेली धरतात. चुकून लिंक दाबून लगेच मागे गेलेले यातून वेगळे होतात. आवाजाचे 'चालू' बटण दाबणे ही आपण 'महत्त्वाची घटना' ठरवू शकतो. तसे केले की फोन बाजूला ठेवून ओवी ऐकणारी आजीसुद्धा गुंतलेली वाचक ठरेल.

दुसरी, फाइल उतरवण्याची नोंद. पानावर उतरवून घेण्याची लिंक असेल तर एमपी३ फाइल किती वेळा उतरवली हे आपोआप मोजले जाते. पुढच्या व्हॉट्सॲपच्या प्रवासाचा तेवढाच अंदाज.

तिसरी, आलेखावर टीप लिहिण्याची सोय. ही २०२५ मध्ये आली. गणेश चतुर्थी, शिमगा, यात्रा, स्नेहमेळावा अशा तारखांवर टीप लिहून ठेवली की पुढच्या वर्षी काम बघणाऱ्याला 'त्या आठवड्यात आकडा का चढला होता' याचे कोडे पडणार नाही. पदाधिकारी बदलतात, त्यामुळे ही सोय मंडळांना फार उपयोगी आहे.

चौथी, लिंकला जोडायची खूण. तिला यूटीएम म्हणतात. त्यातला 'यू' म्हणजे वर सांगितलेली अर्चिन कंपनी; कंपनी गेली, खूण राहिली. आपण ग्रुपवर लिंक टाकतो तिच्या शेपटीला 'हे गावच्या ग्रुपवरून', 'हे पुण्याच्या ग्रुपवरून' अशी खूण जोडता येते. मग व्हॉट्सॲपवरून आलेला वाचक 'थेट' या रकान्यात हरवत नाही. यात कुणाचे नाव किंवा नंबर कळत नाही, फक्त कुठल्या ग्रुपवरून लिंक दाबली गेली एवढेच कळते.

पाचवी, जपून ठेवण्याची मुदत. फुकटच्या गूगल ॲनालिटिक्समध्ये बारीक तपशील सुरुवातीला दोनच महिने ठेवले जातात. आपण सेटिंग बदलले तर चौदा महिने राहतात. या वर्षीच्या गणपतीची मागच्या गणपतीशी तुलना करायची तर चौदा महिने हवेतच. हे सेटिंग मी आता बदलले आहे.

याशिवाय 'सर्च कन्सोल' नावाचे गूगलचे वेगळे साधन आहे. लोक गूगलवर काय टाइप करून आपल्या पानावर आले हे ते सांगते आणि सोळा महिन्यांचे आकडे ठेवते. आपल्या भागासाठी हे विशेष महत्त्वाचे आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी झाले; आपण घरात बेळगाव म्हणतो; कुणी देवनागरीत लिहितो, कुणी रोमन लिपीत, कुणी कन्नडमध्ये. पानावर एकच रूप लिहिलेले असेल तर दुसऱ्या रूपाने शोधणाऱ्याला आपले पान सापडणे अवघड जाते. तसेच आहे ओव्यांचे. पानावर नुसत्या आवाजाच्या फाइली आहेत, शब्द लिहिलेलेच नाहीत. शोधयंत्र मजकुरावरून शोधते. ओवी कुणी म्हटली, कुठल्या वाडीतली, कशाबद्दलची, हे पानावर लिहिले नाही तर ती कुणाला सापडणार? पान कुणी बघत नाही याचे एक कारण आपणच ते झाकून ठेवले आहे, हेही असू शकते.

उघडी मोजणी: मराठी विकिपीडिया

मोजणी कशी असावी याचे एक चांगले उदाहरण मराठीतच आहे. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये महाराष्ट्र दिनी, १ मे रोजी सुरू झाला. विकिपीडिया चालवणारी विकिमीडिया संस्था आपल्या पानांची मोजणी स्वतः करते आणि ते आकडे सर्वांसाठी उघडे ठेवते. जुलै २०१५ पासूनचे आकडे कुणालाही, खाते न उघडता, बघता येतात. बेळगाव किंवा खानापूर या लेखाचे पान कुठल्या दिवशी किती वेळा उघडले गेले हे तुम्ही आज घरी बसून पाहू शकता. माणसांनी उघडलेली पाने आणि यंत्रांनी उघडलेली पाने तिथे वेगळी दाखवतात. ही यंत्रे म्हणजे शोधयंत्रांचे आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्यांचे प्रोग्राम. ते दिवसरात्र साइट वाचत फिरतात. त्यांना माणूस समजून मोजले तर आकडा फुगतो.

गूगलच्या बाहेरचा मार्गही आहे. 'माटोमो' हे मोजणीचे मोफत सॉफ्टवेअर आपल्याच सर्व्हरवर बसवता येते. २००७ मध्ये ते 'पिविक' या नावाने सुरू झाले आणि २०१८ मध्ये त्याचे नाव बदलले. आकडे आपल्याकडेच राहतात आणि दुसऱ्याच्या निर्णयाने पुसले जात नाहीत. शिवाय ते सर्व्हरची नोंदवही वाचूनही मोजू शकते, म्हणजे रेंज गेल्यामुळे हुकलेला गावचा वाचक काही प्रमाणात सापडतो. मात्र ते सांभाळायला माणूस लागतो.

मोजणाऱ्यांचे मेळावे

जसे आपले स्नेहमेळावे तसे या क्षेत्रातल्या लोकांचेही होतात. जिम स्टर्न यांनी २००२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सँटा बार्बरा इथे 'ईमेट्रिक्स' ही परिषद सुरू केली. वेबसाइट मोजणारे लोक तोवर आपापल्या कंपनीत एकेकटे होते; त्यांना एकमेकांची ओळख झाली आणि २००४ मध्ये त्यांची संघटनाही उभी राहिली. हंगेरीत डोंगरावरच्या एका गावी ऐन थंडीत 'सुपरवीक' नावाचा मेळावा भरतो आणि संध्याकाळी मंडळी शेकोटीभोवती बसून याच विषयावर बोलत राहतात.

मला सर्वांत आवडलेली पद्धत 'मेझरकॅम्प'ची. २०१२ मध्ये लंडनमध्ये ती सुरू झाली आणि आता अनेक देशांत तसे मेळावे भरतात. शनिवारी भरतो, प्रवेश फुकट. आधी ठरलेला कार्यक्रम नसतो. सकाळी भिंतीवर रिकामा तक्ता असतो; ज्याला काही सांगायचे किंवा विचारायचे असेल तो आपला विषय कागदावर लिहून एका रकान्यात चिकटवतो. पटले नाही तर उठून दुसऱ्या खोलीत जायचे, त्यात कुणाचा अपमान नाही. आपल्याकडे वेबसाइट बनवणाऱ्यांचे 'वर्डकॅम्प' हे मेळावे मुंबई, पुणे, नाशिक इथे झालेले आहेत, आणि एप्रिल २०२६ च्या आशियाई वर्डकॅम्पसाठी मुंबईची निवड झाली. आपल्या तरुण सभासदांनी अशा ठिकाणी जरूर जावे. नवखे असल्याचा संकोच तिथे कुणी बाळगत नाही.

या क्षेत्रात भारतीय वंशाच्या अविनाश कौशिक यांचे नाव मोठे आहे. वेब ॲनालिटिक्सवरचे त्यांचे पहिले पुस्तक २००७ मध्ये आले. कुठलाही आकडा समोर आला की त्याला तीनदा 'मग काय?' असे विचारावे, असे ते सांगतात. तिसऱ्या वेळीही करण्यासारखे काही निघाले नाही तर तो आकडा सोडून द्यावा. आपल्या बाबतीत करून पाहा. ओव्यांच्या पानावर भेटी कमी आहेत. मग काय? बहुधा लोकांना ते सापडत नाही. मग काय? ओव्यांचे शब्द लिहून पानावर टाकले पाहिजेत. मग काय? ते काम कोण करणार हे ठरवले पाहिजे. पहिल्याच 'मग काय?'ला आपण 'बंद करा' म्हणून मोकळे होत होतो.

सभासदांचा खासगीपणा

मोजणी वाढवायची म्हटले की काही भगिनींना काळजी वाटते, आणि ती योग्य आहे. भारतात व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. संमती मागताना ती सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याची सोय हवी, असे कायदा म्हणतो. मराठी, कन्नड आणि कोकणी या आपल्या भागातल्या तिन्ही भाषा त्या अनुसूचीत आहेत. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घ्यायची तर पालकांची संमती लागते. आपण चित्रकला स्पर्धेचे अर्ज वेबसाइटवर घेतो, तिथे हे पाळायलाच हवे. आणि वाचकाचे नाव, फोन नंबर किंवा ईमेल मोजणीच्या साधनात जाऊ द्यायचा नाही, असा गूगलचा स्वतःचाही नियम आहे. किती जण आले हे आपल्याला हवे आहे. कोण आले हे नको.

खर्चाचे काय?

सूचनेतला खर्चाचा मुद्दा खरा आहे, पण त्याला उपाय आहे. डब्ल्यूएव्ही प्रकारातली चांगल्या दर्जाची स्टिरिओ फाइल मिनिटाला सुमारे १० एमबी जागा घेते. तीच ओवी ६४ केबीपीएसच्या मोनो एमपी३ मध्ये घेतली तर मिनिटाला अर्धा एमबी पुरतो. एकट्या माणसाच्या आवाजाला तेवढे पुष्कळ झाले. म्हणजे जागा वीसपट कमी, आणि रेंज कमी असलेल्या गावातही फाइल लवकर उघडेल. मूळ मोठ्या फाइली मात्र पुसायच्या नाहीत. त्या दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या घरी ठेवायच्या.

ओव्यांचे मोल भेटींच्या आकड्यावर ठरत नाही, याचे मोठे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. त्या गोळा होत होत्या तेव्हा त्या 'किती जण बघतात' हे मोजायला कुणी नव्हते. २०१७ पासून पी. साईनाथ यांनी स्थापन केलेल्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात त्या शब्दांसह आणि आवाजासह लोकांसमोर येऊ लागल्या. तोवर जाती घराघरांतून गेलेली होती. गोळा करणाऱ्यांनी वाचकांची वाट पाहिली असती तर आज ऐकायला काही उरले नसते.

सभेपुढे माझी विनंती

पान ठेवायचे की नाही हे सभेने ठरवावे; ते माझ्या हातात नाही. एवढीच विनंती आहे की मत तीन महिने पुढे ढकलावे. त्या तीन महिन्यांत मी पुढील कामे करीन. आवाजाचे 'चालू' बटण मोजण्याची सोय करीन. गाव, बेळगाव, पुणे-मुंबई आणि परदेश अशा चार ग्रुपसाठी खुणा लावलेल्या वेगळ्या लिंक देईन. सर्व फाइली लहान करून टाकीन. आणि इथून पुढे दर एप्रिलमध्ये वर्षाचे आकडे उतरवून कार्यवाहांकडे देईन, म्हणजे पुन्हा कुणी काकांनी विचारले तर मान खाली घालावी लागणार नाही.

दोन कामे मात्र सभासदांनी करायची आहेत. एक: ज्यांच्या घरातल्या ओव्या पानावर आहेत त्यांनी त्या ऐकून शब्द लिहून पाठवावेत. हाताने लिहून फोटो पाठवला तरी चालेल, टाइप मी करीन. एखादा शब्द कळला नाही तर गावी फोन करून विचारा. तो सांगणारी माणसे आज आहेत.

दोन: या आठवड्यात गावी फोन कराल तेव्हा एक प्रश्न जास्तीचा विचारा. 'आपल्या मंडळाच्या साइटवरच्या ओव्या कुणी ऐकल्या का? कुणाच्या फोनवर? किती जणींनी?' उत्तर कागदावर लिहून सभेला आणा. कुणी ऐकल्या नसतील तर तसेच लिहा, तेही उपयोगी आहे. कुठलेही साधन जे मोजू शकत नाही ते आपण एका फोनमध्ये मोजू शकतो, कारण आपले वाचक आपल्या ओळखीचे आहेत.

सभेत भेटूच.